शिंप्याची साक्ष

गुंडूरावांनी कापडाची घडी उलगडली, दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली आणि पुन्हा फळीवर टाकली. कापड चांगलं होतं. पांढरं, जाड, स्टार्च धरणारं. खोट असलीच तर ती कापडात नव्हती, समोर उभ्या असलेल्या बाईत होती.

"बाही मनगटापर्यंत पायजे, अण्णा," बाई सांगत होती. "मनगटाला ताठ कफ, काढता-घालता येतील असले. गळ्यालाबी तसलीच ताठ पट्टी. वरनं एप्रन. आन् टोपी मोठी, कानावर येणारी."

"असली टोपी आता कोण घालतं, अक्का?"

"मला तसलीच पायजे."

बोलणं निपाणी-बेळगावकडचं होतं, वय तिशीच्या आसपास. हातांना कामाची सवय दिसत होती. पण ती सवय भांड्यांची की रुग्णांची, हे गुंडूरावांना कळेना. मल्लेश्वरमच्या त्या दुकानात त्यांनी उभा जन्म नर्सिंग स्कूलचे युनिफॉर्म शिवण्यात घालवला होता आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी, खंडोजींनी. टोपीवरच्या पट्ट्या बघून मुलगी कितव्या वर्षाची आहे ते रस्त्यावरून सांगणारा माणूस. गेल्या वर्षी नव्या सुपरिंटेंडेंट बाईंनी टोपी बंद केली, अर्ध्या बाहीचा कोट आणला, तेव्हा घरात कोणी गेल्यासारखं ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. अशा माणसाकडे येऊन ही बाई आजीच्या काळातला युनिफॉर्म मागत होती.

"कुठल्या दवाखान्यात ड्युटी?"

"हाय एका ठिकाणी." ती रस्त्याकडे बघायला लागली.

"सरी, ठीक आहे. आणि टोपीवर पट्ट्या किती घालू?"

बाई गडबडली. "किती असत्यात?"

झालं! भटजीने जानवं कुठल्या खांद्यावर घालायचं म्हणून यजमानाला विचारावं, तशातली गत. गुंडूरावांनी मान खाली घातली, मापं घेतली, नाव लिहून घेतलं. शिवलीला. शुक्रवारी ये म्हणून सांगितलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण संशय पक्का झाला होता. नुकतंच पेपरात आलं होतं, गावाबाहेरच्या कुठल्याशा दवाखान्यातून पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईने 'वजन करून आणते' म्हणत बाळ उचललं ते उचललंच. आणि त्यांची धाकटी सून याच महिन्यात बाळंत व्हायची होती.

"तुम्हांला सगळ्यांचाच संशय येतो," रात्री जेवताना शारदाबाई म्हणाल्या. "त्या दूधवाल्याचासुद्धा आला होता."

"दूधवाल्याचा खरा निघाला."

"मग शिवू नका."

"मी नाही शिवला तर दुसरा कोणी शिवेल. माझ्या कपाटात आहे तोवर चोर माझ्या मुठीत आहे."

शारदाबाईंनी ताकाची वाटी पुढे सरकवली. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा सुईतून दोर काढणं सोपं, हे त्या जाणून होत्या.

गुंडूरावांनी युनिफॉर्म शिवला, आणि वाईट शिवायचं म्हटलं तरी हात ऐकेनात. वडिलांनी शिकवलेली ती जुनी बाही, कफाची ती काजं, टोपीच्या मागच्या त्या चुण्या. कितीतरी वर्षांनी हे करायला मिळत होतं. मधेच स्वतःशीच गुणगुणतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी दुपारी शिवलीला आली ती धापा टाकत. डोळे तारवटलेले.

"झाला न्हवं?"

"झालाय. पण अक्का, आमच्या दुकानाची एक रीत आहे. मेट्रनचा निरोप आल्याशिवाय युनिफॉर्म हातात द्यायचा नाही. माझ्या वडिलांपासूनची. कोण मेट्रन तुझी?"

"असलं काय न्हाई वो माझ्याकडं. पण आजच पायजे अण्णा. उद्या उपेग न्हाई."

"का?"

तिने ओठ चावला. गुंडूरावांनी कपाटाची किल्ली बनियनच्या खिशात नीट सारली. "मग असं कर. मी येतो बरोबर. जिथं घालणार तिथंच देतो."

आता ही पळणार, अशी त्यांची खात्री होती. पण ती लगेच म्हणाली, "चला मग. लगोलग चला."

गुंडूरावांनी पुडकं काखोटीला मारलं आणि ऊन नसताना छत्री घेतली. छत्रीची मूठ पितळेची होती. वेळ आलीच तर उपयोगी पडली असती. बाई दवाखान्याच्या दिशेने वळलीच नाही. मार्केटमागून, देवळावरून, एका गल्लीत शिरली. हिचे साथीदार आत असतील, आपण एकटे, असं गुंडूरावांच्या मनात आलं. परत फिरावं असं दोनदा वाटलं. पण सुनेचं पोट आठवलं आणि ते चालत राहिले.

लाल कौलांचं बुटकं घर होतं. शिवलीलाने दार हळू लोटलं. आतून डेटॉलचा वास आला आणि पाठोपाठ आवाज.

"कोण आहे? दारात उभं राहून जंतू आणू नका. आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा."

गुंडूरावांची छत्री खाली आली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. नर्सिंग स्कूलच्या व्हरांड्यात तो आला की मुली भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या.

"मथुराबाई मेट्रन?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

शिवलीलाने त्यांना दारातच थांबवलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. ती या घरात मागच्या खोलीत भाड्याने राहत होती. नवरा बोम्मसंद्र्याला फॅक्टरीत. बाईंना आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. त्यांचं सगळं हीच करत होती. पण वर्षभरात बाईंचं डोकं मागं मागं, जुन्या काळात जात चाललं होतं. आता त्या कोणाच्या हातचं खात नव्हत्या. सगळे विष घालतात म्हणायच्या. दवाखान्यातून खऱ्या नर्स आणून बघितल्या. अर्ध्या बाहीचा कोट आणि उघडं डोकं बघून बाईंनी त्यांना हाकलून दिलं. तेव्हा हिने बाईंच्या जुन्या, पुसट फोटोतला युनिफॉर्म शिवायला टाकला. परवापासून पाण्याशिवाय काही पोटात नाही. डॉक्टर म्हणाले, उद्या दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालू.

"नळी न्हाई घालायची, असं शुद्धीत हुत्या तवा माझ्याकडनं वचन घेतलंय त्यांनी. म्हणाल्या, मी लई जणांना घातलीय, मला ठाऊक हाय." शिवलीलाचे डोळे भरून आले. "मी नर्स न्हाई, अण्णा. तुमास्नी कळलंच असंल ते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिला असता?"

नसता दिला. गुंडूरावांनी मुकाट्याने पुडकं तिच्या हातात ठेवलं.

ती कपडे बदलायला स्वयंपाकघरात गेली आणि गुंडूराव भिंतीला टेकले. या बाईंचा पहिला युनिफॉर्म खंडोजींनी शिवला होता. आपल्या घरातली मुलगी परक्याचं मलमूत्र काढायला पाठवायची, तेही पुरुषांच्या वॉर्डात, या कल्पनेनेच तेव्हा घरं हादरायची. नर्सिंगला यायच्या त्या मिशनच्या मुली. त्यात ही बालविधवा, केस उतरवलेली, घर सोडून आलेली. जातवाल्यांनी खंडोजींनाही दुकानात येऊन ऐकवलं होतं. खंडोजींनी फक्त एवढंच केलं की टोपी दोन बोटं मोठी कापली, म्हणजे डोकं कोणाला दिसू नये. हे त्यांनी मुलाला सांगितलं तेही म्हातारपणी, आणि बाहेर बोलू नको म्हणून बजावून.

शिवलीला बाहेर आली. कफ, कॉलर, टोपी, सगळं जिथल्या तिथं. ती पेजेची वाटी घेऊन खाटेजवळ गेली आणि गुंडूराव उंबऱ्यात उभे राहिले.

बाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. चेहऱ्याची नुसती हाडं उरली होती, पण नजर तीच. टोपीवर ती थांबली आणि जरा मऊ झाली.

"हात धुतलेस?"

"व्हय, सिस्टर."

"कुठली बॅच?"

शिवलीला पेज ढवळायला लागली. बाईंचा चेहरा बंद झाला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

"सिस्टर, दोन घास तरी," शिवलीला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तुमच्या पाया पडते."

"सिस्टर पाया पडत नाही," भिंतीकडे बघतच बाई म्हणाल्या. "तू आमची नव्हेस. कपडे चोरलेस."

मग बाईंची मान सावकाश वळली आणि उंबऱ्यावर स्थिरावली. गळ्यातली टेप काढून ठेवायची गुंडूराव दुकानातच विसरले होते.

"खंडोजी?"

गुंडूरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बरे आलात, खंडोजी. माझ्या निरोपाशिवाय तुम्ही चिंधीसुद्धा देत नाही कोणाला. तुम्हीच सांगा. ही मुलगी आमची आहे का?"

शिवलीला वाटी धरून तशीच उभी होती. तिने गुंडूरावांकडे बघितलंही नाही. तिला त्यांच्याकडून कसली आशा असणार? आयुष्यभर त्यांनी एका मुलीलाही खोटी पट्टी लावली नव्हती. आणि बापाचं नाव घेऊन खोटं बोलायचं म्हणजे बापालाच खोटं पाडायचं. त्यांना भयंकर भीती वाटली.

"आहे, बाई," ते म्हणाले. "तुमचाच निरोप आला होता. माप मीच घेतलं."

"मला कशी आठवत नाही?"

"नवी आहे. कालच रुजू झाली." आणि मग, न विचारता, "स्वल्प सांभाळून घ्या तिला. हात चांगला आहे."

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. ही नजर फसली की नाही, हे गुंडूरावांना पुढे कधीच सांगता आलं नाही. शेवटी बाईंनी एक सुस्कारा सोडला, वर्षानुवर्षं नव्या मुलींना बघून सोडत आल्या असतील तसला.

"नवी आहेस तर बघतेस काय? निजलेल्या माणसाला भरवतात का? ठसका लागून मरेल तो. आधी मला उठवून बसव. दंडाला धरून ओढू नकोस. खांद्यामागे हात घाल."

शिवलीलाने वाटी खाली ठेवली, खांद्यामागे हात घातला.

"आता उशी. चमचा अर्धाच भर. आणि पहिला घास गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. कळलं?"

"व्हय, सिस्टर."

"चल, दे," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं.