चिमूटभर मीठ

वडूजला बनाबाईंच्या पडवीत गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. फिल्टरचं मशीन विकायला आलेल्या माणसानं विहिरीच्या पाण्यात विजेच्या सळया सोडल्या आणि पाणी तपकिरी झालं. त्याच्या मशीनचं पाणी मात्र नितळच राहिलं. "हे विष पिताय तुम्ही," तो म्हणाला. बनाबाई लगेच नाव नोंदवायला उठल्या.

त्यांची सून प्रांजल रसायनशास्त्र शिकलेली. चारचौघांत नव्या सुनेनं बोलणं अवघडच; तरी ती आतून मीठ घेऊन आलीच. "भाऊ, तुमच्या नितळ पाण्यात चिमूटभर टाका, अन् सळया परत सोडा."

तो टाळाटाळ करू लागला, तेव्हा तिनंच मीठ टाकून सळया बुडवल्या. बघता बघता तेही पाणी तपकिरी झालं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "ही पाण्यातली घाण न्हाई, सळईचं लोखंड हाय. पाण्यात क्षार असले की वीज वाहते अन् लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आधी पाणी तपासू, मग मशीन निवडू."

तपासणीत क्षार बेताचेच निघाले, म्हणजे क्षार काढणाऱ्या त्या मशीनची गरज नव्हती; पण जंतू सापडले. तिनं जंतू मारणाऱ्या दिव्याचा साधा फिल्टर निवडला. गल्लीतल्या अकरा घरांनी तोच घेतला, आणि बनाबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या, "आमच्या सुनंनं निवडलाय!"