नट कोणी आवळायचा

माझे बाबा दाताचे डॉक्टर. दवाखाना बंद करून ते घरी बसले आणि त्यांनी विजेवर उडणारी छोटी विमानं बनवायला घेतली. माणूस गुंतलेला राहील, म्हणून आम्ही सगळे खूश होतो. आईसुद्धा. मग एका दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर नवी मोटर चालू करून बघितली. पुढचा प्रोपेलर सुटला, जाता जाता बाबांच्या हनुवटीला भेटला आणि भांड्यांच्या कपाटाची काच फोडून आत जाऊन बसला.

आई शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स आहे. हनुवटीला टाके तिच्याच हॉस्पिटलात पडले, आणि टाके घालणाऱ्या डॉक्टरपेक्षा तीच जास्त बोलली. त्या दिवसापासून विमानं माळ्यावर गेली.

बाबांची सबब मात्र झकास होती. "अगं, नकली दात बसवायचा स्क्रू जास्त पिळला तर जबड्याचं हाड जातं. जन्मभर हलक्या हाताने आवळायची सवय. नट तसाच आवळला गेला माझ्याकडून!" यावर सगळे खो खो हसले. पुढे घरात कशाचंही झाकण नीट लागलं नाही की 'डॉक्टरांनी लावलंय वाटतं' असं म्हणायची प्रथाच पडली.

पण विमानं गेल्यापासून बाबा घरात नुसते फिरायचे. या खोलीतून त्या खोलीत, उगाच पडदे सरकवत. शेवटी आईनेच हात टेकले. "येत्या रविवारी मैदानावर एकदा उडवा. मी स्वतः येणार. काही सुटलं, तुटलं, कुणाला साधं खरचटलं, तर सगळी विमानं मागच्या गल्लीतल्या शाळेला देऊन टाकायची. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले, आणि शिडी आणायला पळाले.

शनिवारी मी मदतीला बसले. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो आणि माझा आवाज त्या ब्रेकच्याही आधी लागतो, असं माझे विद्यार्थी म्हणतात. बाबा माझे विद्यार्थी असते तर मी त्यांना पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. कारण त्यांनी पिशवीतून सगळ्यात मोठा प्रोपेलर काढला होता आणि त्याच्याकडे ते नव्या जावयाकडे बघावं तसे बघत होते.

पात्यावर 'अकरा बाय आठ' असं छापलेलं होतं. "पहिला आकडा लांबीचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, इंचात," बाबा म्हणाले. "दुसरा म्हणजे एका फेऱ्यात तो हवेत किती इंच पुढे घुसेल."

"म्हणजे दुसरा आकडा गिअर झाला. लहान असला तर चढ चढेल, मोठा असला तर सपाटीला पळेल."

"बरोब्बर! हुशार आहेस. कुणाची मुलगी?"

"चढावर टॉप गिअर टाकणाऱ्याची," मी म्हटलं. "बाबा, ही मोटर एवढीशी आहे. तिला हा झेपणार आहे का?"

झेपणार नव्हताच. विमान टेबलाला पट्ट्याने जखडलं, नट मी आवळला, आम्ही दोघं मागे उभे राहिलो, कारण पात्यांच्या रेषेत उभं राहायचं नाही हे कपाटाच्या काचेने आम्हाला शिकवलं होतं. बाबांनी मोटर चालू केली. बॅटरी आणि मोटरच्या मधे जोडलेल्या मीटरवर विजेचा आकडा मोटरच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेला. क्षणभराने बंद केली तरी मोटरवर बोट ठेववेना. मग दहा बाय सात लावला. तोही जडच. नऊ बाय सहा लावल्यावर मात्र आकडा मर्यादेच्या आत आला आणि विमान पट्ट्याला व्यवस्थित हिसके देऊ लागलं. बाबांचं तोंड उतरलं.

"दिसायला अगदीच किरकोळ आहे गं."

"तुम्हाला उडवायचंय की मिरवायचंय?"

"दोन्ही," बाबा म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे.

मग त्यांनी प्रोपेलरच्या भोकातून सुई ओवून ती दोन पेल्यांच्या काठांवर ठेवायला मला सांगितली. एक पातं हळूच खाली गेलं. हलक्या पात्याला मागून चिकटपट्टीचा तुकडा लावला, तेव्हा कुठे दोन्ही पाती आडवी राहिली. हे नाही केलं तर विमान उडताना धडधडतं आणि त्या धडधडीने नट सैल होतो. मी म्हटलं, आता लावूनच टाका. पण बाबा म्हणाले, "उद्या मैदानावर लावू. गाडीत वाकला बिकला तर?" मला ते पटलं.

रविवारी सकाळी मैदानावर पोचलो तर औषधांच्या दुकानाचे काका आधीच हजर. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, जरी त्यांची विमानं हवेपेक्षा झाडावरच जास्त असतात.

बाबांनी आकडे पुढच्या बाजूला येतील असा, म्हणजे सुलट, प्रोपेलर दांड्यावर चढवला. तो दांडा मोटरच्या आसावर एका चिरलेल्या नळीने बसतो. नट आवळला की नळी मिटते आणि आसाला घट्ट धरते. नट सैल तर सगळंच सैल. बाबांनी पाना लावला, फिरवला, आणि बॅटरी जोडायला वळले.

"थांबा," आई म्हणाली. "आमच्या हॉस्पिटलात एकाने केलेलं दुसरा तपासतो." तिने एका हाताने विमान धरलं, दुसऱ्याने प्रोपेलर पुढे ओढला.

तो सरळ तिच्या हातात आला.

कॅप्टन आकाशात काहीतरी बघू लागले. बाबा हसत म्हणाले, "तेच ते! दाताच्या स्क्रूची सवय!"

कुणी हसलं नाही. "पुन्हा आवळा," आई म्हणाली.

बाबांनी पाना नटाला लावला. लावला म्हणजे लावायचा प्रयत्न केला. पाना नटावर वाजत राहिला, टक टक टक टक, आणि बसेचना. बाबांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी वाजतच राहिला. मग मला कळलं, की ते हलक्या हाताने आवळत नव्हते. त्यांच्या हातात जोर टिकतच नव्हता.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"दवाखाना बंद केला, त्याच्या आधीपासून."

"मला तर सांगितलंत, कंटाळा आला म्हणून."

"माणसाच्या तोंडात असला हात घालायचा नसतो गं," बाबा म्हणाले. "आणि तुला सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस."

"काळजी मी एरवीही करतेच. त्याचा पगार घेते मी."

मला रडू येत होतं आणि तितकाच रागही येत होता. त्या सबबीवर मी घरात सगळ्यात मोठ्याने हसले होते. बाबांनी पाना खाली ठेवला. "कबूल केलं होतं. सुटलं. शाळेला देऊन टाक."

आईने पाना उचलला. "हवेत सुटलं तर, असं म्हणाले होते मी."

ती असं अजिबात म्हणाली नव्हती.

तिने प्रोपेलर बसवला आणि नट असा आवळला की कॅप्टन म्हणाले, "वहिनी, पुरे, आटे जातील!" मग ती सरळ उभी राहिली. "प्रोपेलर?"

"नऊ बाय सहा," बाबा म्हणाले.

"आकडे?"

"पुढे."

"नट?"

बाबांनी आईकडे बघितलं. "तू आवळलास."

"मग जोडा बॅटरी."

विमान गवतावरून धावलं आणि उडालं. किरकोळ दिसणाऱ्या त्या प्रोपेलरने ते असं काही वर ओढलं की बाबा लहान मुलासारखे ओरडले. मोठी गोल चक्कर मारून ते आमच्या डोक्यावरून गेलं, आणि तेव्हा त्याचे पंख बारीक बारीक थरथरताना दिसले. बाबांचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर होते.

"डॉक्टर, हलतंय का हो जरा?" कॅप्टनने दुर्बीण लावून विचारलं.

"वारा आहे," आई म्हणाली.

मैदानाच्या कडेच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. आईला खोटं बोलताना मी त्या सकाळीच पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही दोनदा.

विमान जरा उड्या मारत उतरलं, पण अख्खं उतरलं. आईने जाऊन आधी बॅटरी काढायला लावली, मग मोटरला हात लावून बघितला. कोमट. प्रोपेलर ओढून बघितला. जागचा हलला नाही.

"बरं," ती म्हणाली. "उद्या आमच्या हॉस्पिटलात येऊन हात दाखवायचा. चालढकल चालणार नाही."

"आणि विमानं?" बाबांनी घाबरत विचारलं.

"दर रविवारी मी सोबत येईन," आई म्हणाली, आणि पाना पुसून तिने आपल्या पर्समध्ये टाकला.