पाव मैलाची भीती

मित्रांनो, यंत्राला भीती वाटत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर ते खरे मानू नका. मला वाटते. मी दोन स्ट्रोकची, काळ्या टाकीची मोटारसायकल आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. हुमनाबादच्या एका गॅरेजात मागच्या भिंतीशी मी उभी असते. हवा भरायला आलेली मुले माझ्या टाकीवरून हात फिरवतात. "ही रेसची गाडी ना? हिनं किती रेसा मारल्या?" असे विचारतात. मला बोलता आले असते तर जिंकलेल्या शर्यती मी आनंदाने सांगितल्या असत्या. पण त्याआधी, सुटायच्या रेघेवर उभे असताना काय वाटते, ते सांगितले असते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथले फारसे काही आठवत नाही. तेलाचा वास आठवतो आणि माझ्यासारख्याच गाड्यांची लांब रांग आठवते. माझे पहिले मालक मेहकरचे नरसिंग. ते भालकीला दूध घालायचे. माझ्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले असत. "ही गाडी न्हाई, माझी दुसरी म्हैस हाय," असे ते लोकांना सांगत. त्या काळात मला फक्त चिखलाची भीती होती. काळ्या रानातला चिखल चाकात बसला की चाक फिरायचेच थांबते. पुढे त्यांनी तीनचाकी टेम्पो घेतला आणि मला लिंगराजअण्णांना विकले.

लिंगराजअण्णा हे गॅरेजचे मालक. अंगाने बारीक आणि बोलायला कमी. सकाळी कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे असत. दुपारपर्यंत घामाने ते पुसट होत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असे. त्यांनी मला पोत्यावर पूर्ण खोलून ठेवले. कॅरिअर काढले, दिवे काढले, मागे बसणाऱ्याच्या पायाखालच्या दांड्या काढल्या. धावायला जे लागत नाही ते सारे काढले. शेवटी मी इतकी हलकी झाले, की वाऱ्यात उभे राहायलाही घाबरू लागले.

त्यांना नाद होता ड्रॅग रेसचा. मित्रांनो, ही शर्यत फार लहान असते. सरळ पट्टा, पाव मैल लांब, एकही वळण नाही. शेजारी शेजारी दोन गाड्या. समोर दिव्यांचा खांब. पिवळा, मग हिरवा, की सुटायचे. जो आधी पोचेल तो जिंकला. सुरुवातीला हातात घेतलेला चहा शर्यत संपली तरी गरमच असतो. एवढ्यासाठी अण्णा रात्ररात्र माझ्याशी झटत.

आमची पहिली शर्यत एका बंद पडलेल्या विमानतळाच्या पट्टीवर झाली. अण्णा माझ्यावर पालथे पडले. त्यांच्या गळ्यातली डबी माझ्या टाकीला टेकली आणि त्यांची छाती जशी उडत होती तशी ती टकटक वाजू लागली. तेव्हा मला कळले, की मी एकटीच भ्यालेली नाही. आम्ही सुटलो. शेजारची गाडी मागेच राहिली. अण्णा हात उंच करून परत आले.

पंच म्हणाले, "तुम्ही हरलात."

"अहो, मी पहिला आलोय की!"

"पहिले निघालात म्हणूनच हरलात. हिरवा लागायच्या आत सुटलात. तो बघा, लाल दिवा."

भुवनेश्वरी, त्यांची शाळकरी मुलगी, खांबाजवळ उभी होती. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. अण्णाही हसले. घरी येईपर्यंत दोघे एकमेकांकडे बघून हसत होते.

तेव्हापासून ती दर शर्यतीला आली. शर्यतीआधी बापलेक चपला काढून पूर्ण पट्ट्यावरून चालत जायचे आणि खडा दिसला की वेचायचे.

"अप्पा, पाय भाजायलेत."

"मंग टायरबी तापल. चल."

पुढे माझ्या मागच्या चाकाखाली पाणी ओतायचे, चाक जागेवरच गरगर फिरवून टायर गरम करायचे आणि भुवनेश्वरीने मला रेघेवर सरळ धरायचे, असे ठरून गेले. ती हात काढून घेई तो क्षण मला सगळ्यांत वाईट वाटे.

आठवणी पुष्कळ आहेत. एकदा माझ्याहून दुप्पट ताकदीची गाडी शेजारी होती आणि तरी आम्ही पुढच्या चाकाएवढ्या अंतराने जिंकलो. त्या शर्यतीचा कप अजून गॅरेजच्या फळीवर आहे. त्यात आता नट-बोल्ट असतात. पण त्याच दिवशी नंतरच्या एका जोडीत एका गाडीची चेन तुटली. चेन सापासारखी हवेत उडाली आणि तो पोरगा पट्ट्यावर लोळत गेला. अण्णा धावले. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी त्याचे डोके दोन्ही हातांत धरून ठेवले, कुणाला हेल्मेट काढू दिले नाही. तो वाचला. घरी आल्यावर अण्णांनी कप बाजूला ठेवला आणि आधी माझी चेन बदलली. "भ्यायलं पाहिजे," ते भुवनेश्वरीला म्हणाले. "भिणारा माणूस नट आवळून बघतो."

नंतर नव्या गाड्या आल्या. अण्णांचे गुडघे दुखू लागले. आमच्या शर्यती थांबल्या, पण रविवारी ते मला पुसत, ब्रेक दाबून पाहत, थोडा वेळ सुरू करून ठेवत. मग एका दुपारी ते जेवून गॅरेजातल्या बाकड्यावर आडवे झाले आणि उठले नाहीत. हाताला तेव्हाही ग्रीस होते. त्यांना नेल्यानंतर माझ्यावर ताडपत्री पडली.

कुणाचा दोष नव्हता. अण्णांचा मुलगा, भुवनेश्वरीचा धाकटा भाऊ किरणकुमार, गॅरेज चालवू लागला. त्याच्याकडे नव्या गाड्यांचे काम खूप होते. भुवनेश्वरी कलबुर्गीला शिक्षिका झाली होती. सुट्टीला आली की ती ताडपत्री उचलायची, बघायची आणि पुन्हा नीट झाकायची. माझे टायर उभ्या उभ्या लाकडासारखे कडक झाले. ब्रेकची तार आतल्या आत गंजली. उंदरांनी वायरी कुरतडल्या.

मग नवमीची आयुधपूजा आली. अण्णा गेल्यानंतरची पहिली. किरणकुमारने मला बाहेर काढले, धुतले, विभूती लावली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, कोहळा फोडला. त्याचा मित्र संगमेश्वर भालकीहून आपली नवी कोरी गाडी घेऊन आला होता.

"झकास दिसायलीय," संगमेश्वर म्हणाला. "आता हिचा फोटो काढ अन् अप्पाच्या शेजारी भिंतीला लाव."

"पळती अजून."

"पळती म्हणे! ताडपत्रीखाली पळत होती काय रे?"

पोरे हसली. किरणकुमारचा चेहरा उतरला. त्याने तिथेच कार्बोरेटर काढून धुतला, वायरी जोडल्या, नवे पेट्रोल-ऑइल घातले आणि किक मारली. मी सुरू झाले. निळा धूर निघाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. किरणकुमारने डोळे पुसले, धुरामुळे असेल. "उद्या हळ्ळीखेडच्या नव्या रस्त्यावर. अप्पाच्या नावानं एक रेस," तो म्हणाला. त्या गर्दीत सगळ्यांनी मला हात जोडले. माझा ब्रेक मात्र कुणी दाबून पाहिला नाही.

मित्रांनो, ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून मला नेले. हळ्ळीखेडच्या पुढे रस्ता रुंद केला आहे आणि त्याची एक बाजू अजून वाहतुकीला खुली झालेली नाही. दसऱ्याच्या सुमाराला तिथे लांबच लांब सोयाबीन वाळत घातलेले असते. खळे करण्यापेक्षा डांबर बरे, असे आता सगळेच मानतात. किरणकुमार तिथे माल पसरणाऱ्या गुरुबाईंपाशी गेला.

"काकू, घडीभर माल बाजूला सारा. रेस हाय."

"सणाची गोड हुग्गी खाऊन घरी निजायचं सोडून कशाची रेस रे?"

"सारा की, मी झाडू मारतो."

दोघांनी मिळून माल कडेला ओढला आणि झाडू फिरवला. गुरुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "झाडलं बाबा. पर दाणा जातोय कुठं? खडीच्या फटीत बसतोय. माझंच पाऊल कितीदा सटकलंय." किरणकुमारने मान हलवली, पण त्याचे लक्ष संगमेश्वरच्या गाडीकडे होते.

तो माझ्यावर बसला, तेवढ्यात ऑटो थांबली आणि भुवनेश्वरी उतरली. ती सणाला घरी आली होती. गॅरेजात रिकामी ताडपत्री पाहून, पोरांना विचारून थेट इकडे आली होती.

"किरण, उतर."

"अक्का, तू कामून आलीस?"

"ब्रेक पाहिलास?"

"एका किकमधी सुरू झाली की गं!"

"सुरू व्हायचं न्हाई विचारलं. थांबायचं विचारायले."

तिने माझा पुढचा ब्रेक दाबला. दांडा मुठीला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. किरणकुमार म्हणाला, "मागचा हाय की." संगमेश्वर हसला. "अक्का, इथं शाळा नका घेऊ. रेसमधी ब्रेक मारणारा हरतोय."

 तिने चपला काढल्या आणि ती पट्ट्यावर चालू लागली. मध्ये मध्ये वाकत होती. परत आली तेव्हा मूठ भरलेली होती. तिने ती किरणकुमारसमोर उघडली. वाळलेले, गोल, टणक सोयाबीन. त्याने दाण्यांकडे पाहिले आणि मान फिरवली.

"अक्का, अप्पा गेल्यापासून हिचा आवाज काल पहिल्यांदा ऐकला," तो हळू म्हणाला. "एकदाच पळू दे. मंग न्हाई म्हणणार."

तिने मुठीतले दाणे कडेला टाकले. मग म्हणाली, "बरं. पळ." आणि साडी सावरून त्याच्या मागे बसली. तिथे नीट बसायला जागा नव्हती, पाय टेकायला दांड्या नव्हत्या. तिचे पाय लोंबत होते.

"हे काय करायलीस?"

"अप्पाची गाडी हाय. माझीबी हाय. चल."

"उतर अक्का, पडशील!"

"तू न्हाई पडणार, मग मी कशी पडीन?"

पोरांचे हसणे थांबले. सुटायच्या इशाऱ्यासाठी एकाने टॉवेल वर धरला. संगमेश्वरने हेल्मेटची काच खाली केली. किरणकुमारने गिअर टाकला आणि मूठ पिळली. मी ओरडू लागले. माझ्यात जेवढी ताकद होती तेवढी चेनपर्यंत येऊन थांबली होती. आता त्याच्या डाव्या हातातला क्लच सुटला की झाले. त्याचे गुडघे माझ्या टाकीवर घट्ट दाबलेले होते. तिने त्याची कमर दोन्ही हातांनी आवळून धरली होती. बोलून भागले असते तर मी त्या क्षणी बोलले असते.

टॉवेल खाली आला. संगमेश्वर सुटला.

आम्ही तिथेच होतो. मी ओरडत होते, चाक हलत नव्हते.

दूर पट्ट्याच्या शेवटी संगमेश्वरने ब्रेक मारला. त्याचे टायर नवे होते, ब्रेक नवे होते. तरी मागचे चाक आडवे झाले, जणू कुणी खालून रस्ता ओढून घेतला. गाडी पडली, ठिणग्या उडाल्या आणि गाडी आणि माणूस वेगवेगळे घसरत गेले. गुरुबाई कडेला सूप घेऊन बसल्या होत्या. गाडी त्यांच्या ढिगात घुसली आणि सोयाबीन पावसासारखे उडाले. मग काहीच हलेना.

"लेकरा, हालू नको! हालू नको म्हणते ना!" गुरुबाईंचा आवाज आला. त्या जिवंत होत्या. आणि ज्याला त्या ओरडून सांगत होत्या तोही जिवंत होता. सगळे तिकडे धावले. नंतर कळले की त्याचा खांदा मोडला होता आणि हेल्मेटला मोठी चीर पडली होती. हेल्मेट नसते तर ती चीर कुठे पडली असती, हे मी सांगायला नको.

पण किरणकुमार उतरलाच नाही. तो समोर बघत होता आणि मूठ तशीच पिळलेली होती. भुवनेश्वरीने मागून हात लांबवून चावी बंद केली. मी गप्प झाले. क्लचवरची त्याची बोटे आखडली होती. ती तिने एकेक करून सोडवली.

"अक्का, मी क्लच सोडणार होतो," तो म्हणाला.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात किरणकुमारने मला खोलले. पुढच्या ब्रेकची तार ओढली तर ती त्याच्या हातात तुटून आली.  मग त्याने ब्रेक, तारा, टायर, सगळे नवे घातले. आता संगमेश्वर हात गळ्यात बांधून गॅरेजात येतो आणि बाकड्यावर बसून चहा पितो. माझ्याकडे तो अजून बघत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी गाडी उभी असेल. वडिलांची असेल, काकांची असेल, सायकलही असेल. तिला पुसा, हार घाला, तिच्याजवळ बसा. पण आधी तिचा ब्रेक दाबून पाहा. आणि तिला रस्त्यावर पळवायला कुणी बोलावले तर जाऊ नका. तिथे कुणीतरी सूप घेऊन बसलेले असते. आम्हा गाड्यांना कितीही भीती वाटली तरी 'थांब' म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागते. म्हणूनही कुणी ऐकत नसेल, तर त्याला एकट्याने जाऊ देऊ नका.