सत्तावीस-ईवरचा रोजा

मित्रांनो, विमान म्हटलं की तुम्हाला पंख आठवतात, वैमानिक आठवतो, ढग आठवतात. सीट कुणालाच आठवत नाही, आणि मधली सीट तर कुणाला नकोच असते. मी तशीच एक जुनी, मधली, सत्तावीस-ई नंबरची सीट आहे. एका बाजूला खिडकीची एफ, दुसऱ्या बाजूला वाटेकडची डी. त्या दोघींसाठी लोक हुज्जत घालतात. माझ्या वाट्याला येतो तो, ज्याला दुसरं काही मिळालं नाही.

मला बनवणाऱ्यांनी मोठा हिशेबी हात ठेवला होता. मागे झुकणारी सीट जागा खाते, म्हणून माझी पाठ कायमची ताठ. पाठीला खिसा असला की लोक त्यात कचरा कोंबतात आणि तो काढण्यात वेळ जातो, म्हणून खिसा नाही. फोम तर इतका पातळ की लठ्ठ माणूस बसला की माझी हाडं त्याला लागत आणि त्याची मला! कारखान्यात वजन फार कमी भरलं म्हणून माझं कौतुक झालं. त्यानंतर मला कुणी नावाजल्याचं आठवत नाही.

पहिली नऊ वर्षं मी युरोपात काढली. तास-दीड तासाचं उड्डाण, या देशातून त्या देशात, दिवसाला सहा-सहा वेळा. थंडीत लोक तीन-तीन कोट अंगावर चढवून यायचे, कारण ते बॅगेत घातले तर बॅग मापात बसायची नाही. मग ते घामाघूम होत आणि मीही. दोन्ही बाजूंच्या कोपरांचं मुकाट युद्ध चाले. एकदा एक तरुण बापाच्या अंत्यविधीला निघाला होता. दीड तास तो बाहीत तोंड खुपसून रडला. खिडकीवाला खिडकीबाहेर बघत राहिला आणि वाटेवालीनं कानात गाणी घातली. मला त्यांचा राग आला, पण ते काही दुष्ट नव्हते. एवढ्या जवळ बसलेल्या परक्या माणसाशी वागावं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मधल्या सीटवरचं माणूस सहसा उठत नाही, हे मी तिथेच शिकले. तहान लागो, पायाला गोळे येवोत, ते बसून राहतं. वाट मागायची लाज वाटते.

विमानाचं वय झालं तसं ते विकलं गेलं आणि आम्ही सौदीला आलो. नवा रंग, नवं कव्हर, आत मी तीच. दम्माम, रियाध, जेद्दा, पुन्हा दम्माम. अल-खोबरच्या इंजिनिअरांची कुटुंबं, धाहरानच्या तेल कंपनीची माणसं, दवाखान्यांतल्या परिचारिका, असे सगळे माझ्यावर बसून गेले. रमजानात उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जाणाऱ्यांची गर्दी असे. पुरुष अंगावर पांढरी दोन वस्त्रं घेऊन यायचे आणि अख्खं विमान शांत वाटायचं.

अशाच एका रमजानातल्या संध्याकाळी शरफुन्निसाबाई माझ्यावर येऊन बसल्या.

साठी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, श्रीवर्धनच्या. मुलगा आकिब अल-खोबरला नोकरीला. त्याच्याकडे त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या आणि आता व्हिसा संपायला आठवडा उरला होता. पहिला उमरा पदरात पडायचा होता. सोबत आकिब आणि सून उझमा होती, पण तिकिटं एकत्र असूनही जागा तीन ठिकाणी मिळाल्या होत्या. उझमा आठ रांगा पुढे, आकिब त्याच्याही पुढे.

"अम्मी, सफर में रोजा माफ आहे. अजून सोडलात तरी चालंल," उझमा त्यांना बसवताना म्हणाली.

"उमऱ्याला चाललंय आणि रोजा सोडू? नाय गं बाय. तू जा, बस जा."

खिडकीपाशी कौमुदी बसली होती. ती अल-खोबरच्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायची. बोलणं कानावर पडलं तशी ती हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही मराठी? मी सांगलीची." शरफुन्निसाबाईंचा चेहरा उजळला. वाटेकडच्या सीटवर एक धिप्पाड अरबी गृहस्थ होते. ते डोळे मिटून जपमाळ ओढत होते.

पाच वाजून गेल्यावर विमान दम्मामहून जेद्दाकडे उडालं. शरफुन्निसाबाईंनी पर्समधून एक कार्ड काढलं. घराखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, फुकट मिळालेलं रमजानचं वेळापत्रक होतं ते. अल-खोबरचा इफ्तार पाच पंचेचाळीसला. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग ओढणी नीट पसरून तिच्याआड त्यांनी इन्सुलिनचं पेन काढलं आणि पोटात सुई टोचून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवणाआधी अर्धा तास. घरी त्या रोज स्वयंपाकघरात एकट्या असताना घेत, तशीच इथेही घेतली. कुणाला दिसलं नाही. मला मात्र सुईचा तो बारीकसा झटका कळला.

पाच पंचेचाळीस झाले. त्यांनी मुठीत खजूर धरला.

"बाय, सूर्य बुडला काय गं?"

कौमुदीनं काचेला गाल लावून पाहिलं. "नाही मावशी, चांगला वर आहे अजून."

"असा कसा? टायम तर झाला."

"आपण पश्चिमेला चाललोय ना, सूर्याच्या मागोमाग. त्यात एवढ्या उंचावर. म्हणून तो लवकर बुडत नाही. खोबरमधल्या लोकांनी एव्हाना रोजा सोडलाही असेल." शिकवण्यात रमलेल्या माणसाचा आनंद तिच्या आवाजात होता. "आपल्याला अजून अर्धा-पाऊण तास तरी आहे."

मित्रांनो, रोजा सोडायचा तो जिथे आपण आहोत तिथला सूर्य बुडाल्यावर. शरफुन्निसाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की विमानात सूर्य असा थांबून राहील. सुई मात्र टोचून झाली होती, आणि आता पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर घसरणार होती.

"असू दे. दिवसभर ऱ्हायलंय, आणखी थोडा येळ," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. कौमुदीनं पुन्हा खरं तेच सांगितलं, "अजून नाही." त्यांची पाठ ओली झाली.  एकदा त्यांनी मान उंचावून उझमाकडे पाहिलं, मग डीवरच्या गृहस्थांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि त्या परत टेकून बसल्या.

"मावशी, काही हवंय का?"

"नाय गं. कोणाला कशाला उठवायचं."

इंजेक्शनचं त्या बोलल्या नाहीत. परक्या बाईला आपलं दुखणं काय सांगायचं! मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो, सांगा तिला, तो खजूर तोंडात टाका, हा रोजा मोडला तर अल्ला रागावणार नाही. पण सीटचं ऐकतो कोण? पेन त्यांच्या मांडीवरून घसरलं आणि माझ्या पायाशी जाऊन अडकलं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. मान कौमुदीच्या खांद्यावर कलली. बिचाऱ्या थकल्या, झोप लागली, असं तिला वाटलं. उन्हाची तिरीप त्यांच्या तोंडावर येत होती, म्हणून तिनं हळूच खिडकीचं झाकण खाली ओढलं. मायेनंच ओढलं.

साडेसहाला वैमानिकानं इफ्तारची घोषणा केली. खजूर, पाणी, ताकाच्या बाटल्या वाटल्या गेल्या. अरबी गृहस्थांनी आपल्या डब्यातला पहिला खजूर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंसाठी पुढे केला. कौमुदीनं त्यांना हलवलं.

"मावशी, उठा, झालं बघा. मावशी?"

अंग गार, चिप्प भिजलेलं. एकच गोंधळ उडाला. उझमा धावत आली, मागून आकिब. मधले दांडे वर करून त्यांना आम्हा तिघींवर आडवं केलं, पट्टा बांधला, तोंडाला ऑक्सिजन लावला. विमानात कुणी डॉक्टर आहे का, असं दोनदा विचारलं गेलं. कुणी उठलं नाही.

"काही आजार आहे का त्यांना?" कौमुदीनं विचारलं.

"शुगर हाय," उझमा रडत म्हणाली. "पण इंजेक्शन त्या रोजा सोडताना घेतात. आज रोजा सुटलाच नाय, म्हंजे घेतलंच नसणार."

तिचं चुकलं असं कसं म्हणू? घरी तिला जेवढं कळलं होतं तेवढंच ती बोलली. हवाई सेविकेनंही तेच धरलं, सुईच नाही तर साखर घसरणार कशी, आणि सगळे हृदयाचं काहीतरी आहे असं समजून बसले. साखर कुणी दिली नाही. साखर चार हातांवरच्या खाण्यापिण्याच्या गाडीत होती आणि खरं काय ते माझ्या पायाशी पडलेलं होतं.

जेद्दाला उतरल्यावर स्ट्रेचर घेऊन माणसं धावत आत आली. मानेला बोटं लावून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर जाताना ती धावली नाहीत. शरफुन्निसाबाई गेल्या होत्या. मक्का तिथून तासाभराच्या वाटेवर. आकिब पांढऱ्या वस्त्रांत मागोमाग चालत गेला. कौमुदी सगळ्यांत शेवटी उठली. "मी 'अजून नाही, अजून नाही' म्हणत राहिले," एवढंच ती कुणाला तरी सांगत होती.

मग सफाईवाला नसरुद्दीन आला. माझ्या खालून त्यानं पेन काढलं आणि काय हे न बघताच पिशवीत टाकलं. त्याच्या मागे मुकादम "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत उभा होता. त्याला कसला दोष द्यायचा? चाळीस मिनिटांत दुसरे प्रवासी आले. माझं कव्हर अजून ओलं होतं. बसणाऱ्यानं नाक मुरडलं आणि खाली वर्तमानपत्र पसरलं.

मित्रांनो, आता माझं कव्हर फाटलंय, फोम बाहेर आलाय. लवकरच मला भंगारात काढतील, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. शेजारचं माणूस गप्प झालं तर ते झोपलंय असं लगेच समजू नका. त्याला हाक मारा. नाही म्हणालं तरी पुन्हा विचारा. आणि स्वतःला बरं वाटेनासं झालं, तर शेजाऱ्याला खुशाल उठवा. तो उठेल. त्या दिवशी डीवरचे गृहस्थ जागेच होते. त्यांनी नुसते डोळे मिटले होते.