यादीतली बाधा

महाराजांनी तेविसावी मुलगी बाजूला काढली तेव्हा कॉलेजच्या मैदानावर सहा-सातशे माणसं उभी होती आणि कुणी साधं खोकतही नव्हतं.

डोळ्यांवर काळं फडकं बांधून दर्यानाथ महाराज खुर्चीत बसले होते. समोरून मुलींची रांग सरकत होती. एकेक मुलगी पुढे यायची आणि आपलं नाव, वडलांचं नाव, गाव मोठ्याने सांगायची. महाराजांच्या मागे त्यांचा शिष्य लाल कापडात गुंडाळलेली पोथी उघडून बसला होता. तो घंटी वाजवायचा आणि महाराज हात वर करायचे. उजवा हात म्हणजे मुलगी निर्मळ. डावा म्हणजे बाधा.

"माझे डोळे बांधलेत, दर्याचे नाही," महाराज मधूनमधून सांगत होते. "खाडीच्या तोंडाशी बुडालेली एक बाई या आवारात शिरलीय. पोरींचं रक्त पिते. जिचं रक्त पिते तिचा आवाज मला पांढरा ऐकू येतो."

आवाज पांढरा कसा असतो, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. कारण महाराज चुकत नव्हते. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या कॉलेजात एकोणीस मुली मिळून एकतीस वेळा चक्कर येऊन पडल्या होत्या. त्या एकोणीसपैकी अठरा मुली महाराजांनी डोळे बांधून, नुसता आवाज ऐकून बाहेर काढल्या. सुटली ती एकटी जहुरा. ती मुसलमानाची, तिला आपली बाधा कशी लागेल, असं उत्तर गर्दीने आपणच शोधून काढलं.

मी नूतन. श्रीवर्धन तालुक्यातल्या या खाडीकाठच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्या दिवशी मी मागे, सुपारीच्या बागेच्या कुंपणाशी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो आधी स्वतःवरचा आहे.

कारण मला माहीत होतं मुली का पडतात. जुलैत आमच्या आरोग्य कक्षाच्या आतिफा सिस्टरने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या मुलींचं रक्त तपासलं होतं. तेवीस मुलींचं हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं; ते किमान बारा लागतं. सिस्टरने आकडे वहीत लिहिले, मी ते टाइप करून यादी केली आणि सोबत चार पानांचा अहवाल जोडला. मुलींचं स्वच्छतागृह वर्षभर कुलपात आहे ते उघडा, पिण्याच्या पाण्याची टाकी दुरुस्त करा, लांबून येणाऱ्या मुलींना सकाळी काहीतरी खायला द्या, आणि या तेवीस मुलींच्या घरी आजच निरोप पाठवा. यादी आणि अहवालाची एकच प्रत काढली. ती संस्थेचे सचिव हरेश्वरभाऊ यांच्या हातात दिली.

"बघू," ते म्हणाले होते. "पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. आता हे आकडे नाचवू नका."

दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा "बघू". मग मुली पडायला लागल्या, गावात खाडीतल्या बाईची कुजबुज सुरू झाली, आणि हरेश्वरभाऊंनीच महाराजांना बोलावलं. भूत असलं की कुणाची चूक नसते. बंद कुलपाबद्दल समिती प्रश्न विचारते, बुडालेल्या बाईबद्दल विचारत नाही.

महाराजांनी तेवीस मुलींना मंतरलेले दोरे बांधले आणि आज्ञा केली. एकवीस दिवस कॉलेजात पाऊल ठेवायचं नाही. दिवसभर अन्न नाही, सूर्य बुडाल्यावर फक्त शहाळ्याचं पाणी आणि मूठभर प्रसाद.

ज्या मुलींच्या अंगात रक्त नव्हतं, त्यांना उपाशी ठेवायचं ठरलं. टाळ्या वाजल्या.

दहा दिवसांनी हरेश्वरभाऊ शिक्षकांच्या बैठकीत म्हणाले, "बघा, आकडे-आकडे करत होतात ना? हे घ्या आकडे. दहा दिवसांत एकही मुलगी पडली नाही."

"पडणाऱ्या मुली घरी बसवल्यात," मी म्हटलं. "दवाखान्यातले रोगी हाकलून दिले तर दवाखानाही निरोगी होतो."

"मॅडम, श्रद्धेच्या बाबतीत जरा जपून बोलावं."

बाराव्या दिवशी प्राप्ती पडली. ती तिसऱ्या वर्षाला होती, आतल्या डोंगराकडच्या गावातली, भातशेती करणाऱ्या रावजी आणि बायजाची थोरली मुलगी. विहिरीवरून हंडा घेऊन येताना पायरीवर कोसळली. कपाळ फुटलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला अलिबागला पाठवलं, तिथे रक्त तपासलं तर साडेचार. माणूस या आकड्यावर चालतो कसा, हे बघायला वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टर मुली येऊन गेल्या.

मी आणि आतिफा सिस्टर भेटायला गेलो तेव्हा तिला रक्ताची दुसरी पिशवी लावली होती. बायजा पायथ्याशी बसली होती. रावजी खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"रावजीदादा," मी म्हटलं, "उपासामुळे झालं हे. तो दोरा काढून टाका आता."

"न्हाय मॅडम." ते वळले नाहीत. "येवड्या पोरींतून डोळं बांदून म्हाराजांनी माजीच पोर काडली. ती आजारी हाय ह्ये खरं निगालं का न्हाय? मंग त्यांचं खोटं कसं म्हनू? बरी झाली की कालेज बंद. तिला आवदा लगीन लावून उजवून टाकायची."

प्राप्तीने डोळे मिटले.

परतीच्या एसटीत मला रावजींचा राग येत होता, पण त्यांचा प्रश्न खरा होता. महाराजांचं बरोबर कसं निघालं?

उत्तर दुसऱ्या दिवशी आरोहीने आणून दिलं. आरोही आमच्या कबड्डी संघाची कप्तान, महाराजांनी काढलेल्या तेवीसांपैकी एक. आज्ञा मोडून ती कॉलेजात आली होती आणि दोरा तिने फाटकातच तोडून टाकला होता.

"मॅडम, मला आयुष्यात कधी चक्कर आली नाही," ती आरोग्य कक्षात येऊन म्हणाली. "काल गावच्या मैदानावर एका चढाईत चौघींना बाद करून आले. मग माझा आवाज पांढरा कसा?"

सिस्टरने तिच्या बोटाला सुई टोचली. तेरा पूर्णांक एक. जुलैच्या वहीत तिच्यापुढे जवळजवळ हाच आकडा होता, बारा पूर्णांक नऊ.

"वहीत ठीक आहे," सिस्टर म्हणाली. "तुमच्या यादीत बघा."

मी संगणकावरची यादी उघडली. आरोहीपुढे सात पूर्णांक एक. आणि तिच्या खालच्या ओळीत, जहुरापुढे, बारा पूर्णांक नऊ.

टाइप करताना मी दोघींचे आकडे उलटे टाकले होते. जहुराचं रक्त खरं सातवर होतं.

मी यादीतली आठच्या खालची नावं मोजली. तेवीस. महाराजांनी काढलेली तेवीसच्या तेवीस, चूकभूल धरून. दर्याला सगळं दिसतं म्हणे. दर्याने माझी टाइपाची चूकही तशीच्या तशी वाचली होती.

"म्हणजे माझी सुई, माझं काम," आतिफा सिस्टर हळू म्हणाली, "आणि त्याचा चमत्कार. मुलींनी मला भरवशाने हात दिला होता हो."

यादीची प्रत कुणाकडे होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. चूक आमची, ती आम्हीच सांगणार, आणि वर महाराजांकडे बोट दाखवणार? पण एकविसाव्या दिवशी महाराज पुन्हा येणार होते, या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलींना तपासायला. त्यांचं रक्त जुलैत घेतलेलं नव्हतं. सिस्टरने ते आता घेतलं, एकशेअठरा मुलींचं. सहा जणी आठच्या खाली निघाल्या. त्यांच्या आणि जहुराच्या घरी आम्ही स्वतः जाऊन बोललो आणि त्याच दिवशी औषध सुरू केलं. उपास धरलेल्या बाकीच्या मुलींच्या घरीही गेलो, काहींनीच ऐकलं.

"यादी पुन्हा सचिवांकडे जाणार ना?" आरोहीने विचारलं. "मग तीत आजारी म्हणून आमच्या संघातल्या पहिल्या वर्षाच्या सहा मुलींची नावं टाका. मी त्यांच्याशी बोलते, त्यांच्या आयांशीही."

"सगळ्यांसमोर बाधा झाली म्हणतील त्यांना."

"पाच मिनिटं म्हणतील. मला दोन आठवडे म्हणतायत."

मी यादी टाइप केली. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटे आकडे लिहिले. सहा धडधाकट कबड्डीपटूंपुढे सहा-सात, आणि सहा अशक्त मुलींपुढे तेरा. एकच प्रत काढली आणि अहवालासोबत हरेश्वरभाऊंना दिली. अहवाल न वाचता त्यांनी यादी तेवढी काढून घेतली.

एकविसाव्या दिवशी गर्दी दुप्पट होती. पुढच्या रांगेत रावजी आणि बायजा होते, महाराजांचे आभार मानायला आलेले. प्राप्ती अजून अलिबागलाच होती. पूर्वी नावाच्या तालुक्याच्या डॉक्टर रक्त तपासायचं छोटं यंत्र घेऊन माझ्याशेजारी बसल्या होत्या, आणि आमच्या अर्जावरून आलेला पोलीस हवालदार फाटकाशी उभा होता.

फडकं बांधलं गेलं. पोथी उघडली. घंटी वाजत राहिली. या वेळी मी मुलींकडे नाही, शिष्याच्या हाताकडे बघत होते. एकदा घंटी वाजली की उजवा हात. घंटी दोनदा, अगदी लागोपाठ वाजली की डावा.

एकशेअठरा मुली झाल्या. महाराजांनी सहा काढल्या. आमच्याच सहा.

"या पोरींत जीव उरलेला नाही," महाराज म्हणाले. "बाईने पोखरल्यात."

मी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"या सहा जणी कबड्डीच्या संघात आहेत. यांची नावं मी एका खोट्या यादीत लिहिली होती. ती यादी सचिवांखेरीज कुणाला दिली नव्हती. डॉक्टरबाई, सगळ्यांसमोर यांचं रक्त बघा."

डॉक्टर पूर्वी एकेक आकडा वाचत गेल्या. बारा पूर्णांक चार. तेरा. बारा पूर्णांक आठ. एकही मुलगी बाराच्या खाली नव्हती.

"आणि ज्यांना महाराजांनी निर्मळ म्हटलं," मी म्हणाले, "त्यांच्यात सहा मुली खरोखर आजारी आहेत. त्यांची नावं मी सांगणार नाही. तो त्यांचा खाजगी मामला आहे. ही अक्कल आमच्या संस्थेला असती तर आजचा दिवस आला नसता."

महाराजांनी फडकं सोडलं. "दर्याची परीक्षा घेणाऱ्याचं घर राहत नाही," ते म्हणाले, पण तोवर शिष्य पोथी बगलेत मारून उठला होता. त्याची वाट बायजाने अडवली. तिने पोथी ओढली, लाल कापड सुटलं आणि आतून माझे टाइप केलेले कागद पडले. नवी यादी, आणि खाली जुलैची.

तिने ते उचलून नवऱ्यापुढे धरले. "वाचा."

रावजींनी बोट ठेवून वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं. "प्राप्ती रावजी... सा पुर्नांक दोन." त्यांनी वर तारीख पाहिली. मग ते महाराजांकडे गेले नाहीत. ते व्यासपीठापाशी, हरेश्वरभाऊंसमोर गेले.

"ह्ये तुमाला जुलैपास्न म्हाईत व्हतं?"

हरेश्वरभाऊ कॉलेजच्या हिताबद्दल काहीतरी बोलू लागले.

"व्हय का न्हाय, येवडंच सांगा."

ते मागच्या पायऱ्यांकडे वळले. हजारावर माणसं आता पुढे सरकली होती, आणि हवालदाराला महाराजांना गर्दीतून सुखरूप बाहेर काढावं लागलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. हरेश्वरभाऊ तब्येतीच्या कारणाने रजेवर गेले. तब्येतीच्या.

मग आकड्यांना पहिल्यांदा कुणी नीट विचारलं. चक्कर आलेल्या एकोणीसपैकी सोळा मुली डोंगराकडच्या गावांतून पावणेसहाच्या एसटीने येणाऱ्या होत्या. चहावर निघायच्या, दुपारपर्यंत पोटात काही नाही. आणि पाणी? जहुराने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते: "संडासला कुलूप असतं मॅडम, मग पाणी पिऊन जायचं कुठे?" एकवीस वर्षांची मुलगी तहान मारायला शिकते आणि तिच्या पडण्याला आम्ही बुडालेली बाई जबाबदार धरतो.

कुलूप निघालं. टाकी दुरुस्त झाली. सकाळच्या तासाआधी कॉलेजात नाचणीची भाकर आणि उसळ मिळू लागली. सिस्टर आणि डॉक्टर पूर्वी मुलींच्याच सोबत गावोगाव गेल्या, कारण मुलीचं रक्त कमी असेल तर आईचंही बघायला हवं. बायजाचं सातवर निघालं. "मी सगळ्यांचं झाल्यावर जेवते," ती म्हणाली, जणू हे काही विशेष नाही. त्या गावात आता आठवड्यातून एकदा बायका आधी जेवतात आणि पुरुष वाढतात. रावजी भात जास्त वाढतात आणि डाळ कमी, अशी तक्रार आहे.

प्राप्ती परीक्षेला बसली. कपाळावर व्रण आहे, तो राहील.

महाराज जामिनावर सुटले. कुठल्यातरी दुसऱ्या गावात त्यांचे डोळे पुन्हा बांधले जातील. म्हणून हे लिहिलं. तुमच्या गावात कुणी एखाद्या मुलीला झपाटलेली म्हणालं, तर मांत्रिकाला बोलावण्याआधी तिलाच विचारा की सकाळी ती काय खाऊन निघाली, दिवसभरात किती पाणी प्यायली. तिचं रक्त तपासून घ्या. आणि ते आधीच तपासलं गेलं असेल, तर तो कागद कुणाच्या टेबलाच्या खणात पडलाय ते शोधून काढा. बाधा तिथे असते.