शीग लावून

मी एक जुनी पायली आहे. घाटंजीच्या बाजारात एका लोहाराने पत्रा वाकवून मला घडवले, आणि नवी नवरी असलेल्या रुक्माबाईने मला डोक्यावरून तांड्यावर आणले. मित्रांनो, तेव्हा माझ्याशिवाय आमच्या घरची ज्वारी मोजली जात नसे. आता किलोचे काटे आले. मधे तर रुक्माबाईच्या मुलाने, लालसिंगने, माझ्यात खिळे ठेवले होते, आणि एकदा कोंबडीने अंडे घातले. खरे सांगायचे तर अंड्याचा मला राग आला नाही.

उसन्या धान्याला मात्र अजून मीच लागते. आमच्या तांड्याची रीतच आहे. नेताना काठाला सपाट न्यायचे, परत करताना वर शीग लावून द्यायचे. काठाच्या वर दाण्यांचा ढीग उभा राहतो ना, तीच शीग.

यंदा शेजारच्या लालीबाईचा नवरा कापसाच्या गाडीवरून पडला आणि पाय मोडून घरी बसला. दिवाळीत तिने माझ्यातून ज्वारी उसनी नेली. परत आणली तेव्हा मी सपाट होते. रुक्माबाईने ती तशीच कोठीत ओतली, पण लालीबाईने मान वर केली नाही. पुन्हा ती उसने मागायला आलीच नाही. तिची चूल दिवसातून एकदाच पेटू लागली. तिची लेकरेही जेवणाच्या वेळी आमच्या अंगणात येईनात. माझा जीव तुटायचा, पण मी काय करणार?

एका सकाळी रुक्माबाईने मला राखेने घासले आणि रिकामीच घेऊन लालीबाईच्या दारात उभी राहिली.

"लाली, एक पायली जवारी दे वं."

लालीबाई चपापली. "याडी, तुमची कोठी तर भरली हाय. माह्याकडं कायले मांगता?" तांड्यात वडीलधाऱ्या बाईला याडी, म्हणजे आई म्हणतात.

"ते नवी हाय. नव्या जवारीची भाकर मले पचून नाही राह्यली. जुनी पायजे."

धडधडीत खोटे! नव्या ज्वारीच्या तीन भाकरी ती रोज खाते. लालीबाईने मडक्याचा तळ खरवडून मला भरले आणि वरून हात फिरवला. ती शेवटचीच ज्वारी होती. मला रुक्माबाईचा फार राग आला. पण देताना लालीबाईची मान ताठ होती, हेही मी पाहिले.

दुपारीच रुक्माबाईने मला कोठीत बुडवले. शीग लावली, दाबली, पुन्हा लावली. सांडेल ते पदरात धरले, आणि पदरासकट सगळे लालीबाईच्या मडक्यात रिते केले.

"याडी, हे लई झालं!"

"मले कुठं दिसते वं, किती भरलं ते?"

चार दिवस हेच चालले. पाचव्या दिवशी लालीबाई मला न्यायला स्वतः आमच्या दारात आली. "आता मले बी एक पायली द्या," ती म्हणाली, आणि हसता हसता रडली. मीही आतून भरून आले.

त्याच आठवड्यात रुक्माबाईच्या नातीला, राखीला, शाळेत 'सढळ' हा शब्द आला. तिने माझ्याशेजारी बसून वहीत अर्थ लिहिला, 'हात आखडता न घेणारा.' खाली वाक्य लिहिले, 'आजी सढळ हाताने मागते.' बाईंनी 'मागते'ला लाल गोल करून 'देते' लिहिले. राखीने मात्र आपला शब्द खोडला नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पत्रा कधीतरी गंजायचाच. पण शेजारची चूल एकदाच पेटताना दिसली, तर घरातले एखादे रिकामे भांडे घासा आणि त्या दारात मागायला जा.