मास्तरांचं समाधान

मी दातांची डॉक्टर. शाळेत मला भाषा शिकवणाऱ्या मास्तरांची कवळी आज पाचव्यांदा घासली, पुन्हा बसवली आणि हात जोडून विचारलं, “मास्तर, आता तरी समाधान झालं?”

कुठून विचारलं असं झालं मला.

“अगं पोरी, जेवून पोट भरलं की तृप्ती. मनासारखं घडलं की संतोष. समाधान म्हणजे आणखी काही नकोच, असं आतून वाटणं. दातांनी फार तर सोय होते! शब्द जपून वापरावा.”

मग उदाहरणं सुरू झाली. बाहेर तीन पेशंट ताटकळले होते आणि इकडे माझं डोकं उठलं होतं. पण ऐकता ऐकता लक्षात आलं. गेल्या आठवड्यात प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजवणारे मास्तर अर्धा तास संतोष, समाधान, सोय असं खणखणीत बोलत होते आणि कवळी जागची हलली नव्हती.

“म्हणजे समाधान नाहीच ना?” मी हात पुढे केला. “द्या इकडे. ही मोडीत काढते.”

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं आणि अर्ध्या तासात पहिल्यांदाच गप्प बसले.